बाईंच्या घराला परसदार नाही

फिडलर्स कोव्ह, नोव्हा स्कोशिया
१८ जानेवारी

प्रिय ह्यूगो,

मंगळवारी सकाळी मी आंबवलेल्या कोबीची बरणी घेऊन वेंट्झेल बाईंकडे गेलो. गाडी रस्त्यावर लावली, घराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला आलो, बरणी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कडीकडे नेला. तिथे कडी नव्हती. दारही नव्हतं. भिंत होती. तू कागदावर काढलेली आणि मी बांधलेली.

तीस वर्षं सुतारकी करणाऱ्या माणसाला स्वतः बांधलेल्या घराचं दार सापडू नये, याचं हसू आलं तर हस. पण पुढचं वाच.

मी खाली पाहिलं. आदल्या दिवशीच्या बर्फात माझ्याआधीची पावलं होती. डावा पाय ओढत गेलेले मोठे बूट म्हणजे बर्टन निकल, शेजारचा. त्याच्या बायकोची, अल्माची पावलं लहान आणि जवळजवळ. आणखीही होती. सगळी रस्त्यावरून निघून घरामागे आलेली, भिंतीपाशी थोडी घुटमळलेली, मग पलीकडच्या बाजूने घराला पूर्ण वळसा घालून रस्त्याला लागलेली. पुढच्या दाराकडे एकही वळलेलं नव्हतं.

मी पुढच्या दाराशी जाऊन ठोठावलं. बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा बाई चर्चला जायचं जाकीट घालून, केस नीट बसवून उभ्या होत्या. चेहरा पांढरा.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, बाई. कोबी आणलीय."

"मग पुढच्या दाराने कशाला आलास, मेल्या? माझा जीव जायचा."

तुला त्या घरमालकीण म्हणून माहीत आहेत. मला पाढे त्यांनी शिकवले आणि अजूनही त्या मला मेल्या म्हणतात. चहा पिताना सांगत होत्या, ऑक्टोबरात राहायला आल्यापासून त्यांच्याकडे पाळकसाहेब आले, मीटर बघणारा आला आणि आज मी आलो. "गावाला माझं काहीतरी खटकलंय, लॉर्न. काय ते कुणी सांगत नाही. नवीन घर बांधलं म्हणून असेल."

ह्यूगो, गावाला काही खटकलेलं नाही. गावाला दार सापडत नाही. इथे माणूस मागच्या दाराने येतो. ठोठावत नाही. कडी उघडतो, पडवीत बूट काढतो आणि "आहात का?" असं ओरडतो. पुढच्या दाराने पाळक येतो, पोलीस येतो आणि शवपेटी बाहेर जाते. फोनवर तू माझी वाक्यं माझ्याआधी संपवतोस, म्हणून हे लिहून विचारतो. उत्तरेच्या भिंतीत एक दार आणि त्याला छोटी पडवी मी काढू का? उन्हाळ्याची वाट बघायला नको.

तुझा,
लॉर्न मॉसमन

*

टोरांटो
२ फेब्रुवारी

प्रिय लॉर्न,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू इतकं सुंदर लिहितोस हे मला नऊ वर्षांत आणि चार घरांत कळलं नव्हतं.

ती पावलं, लॉर्न. माणसं त्या घराला पूर्ण वळसा घालतात, भिंतीपाशी क्षणभर थांबतात आणि काही न मागता निघून जातात. मी आयुष्यभर अशी वास्तू काढायचा प्रयत्न करतोय. देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी तुझी साधी मच्छीमार माणसं त्या घराभोवती फिरताहेत, आणि तू मला विचारतोस की भिंतीला भोक पाडू का.

आता आनंदाची बातमी. अटलांटिक गृहरचना पुरस्काराच्या अंतिम यादीत आपलं घर आहे. मे महिन्यात परीक्षक पाहायला येतील. नियम स्पष्ट आहे: पाठवलेल्या चित्रांत जे घर आहे तेच उभं असलं पाहिजे. तेव्हा मेपर्यंत हात लावू नकोस. या पुरस्कारात बांधणाऱ्यालाही वेगळं पदक असतं, आणि मी तुझं नाव त्याच भिंतीसाठी दिलंय. सीडर लाकडाच्या पट्ट्यांची इतकी लांब, अखंड, एका रेषेत चाललेली भिंत या देशात दुसरी असेल असं मला वाटत नाही.

छायाचित्रकार पुढच्या आठवड्यात पाठवतोय. बर्फ वितळण्याआधी.

दाराचं म्हणशील तर ते पुढे आहेच, आणि समुद्राकडे तोंड करून आहे. लोकांना सांग ना, तिथून या म्हणून.

तुझा,
ह्यूगो

*

फिडलर्स कोव्ह
१ मार्च

प्रिय ह्यूगो,

सांगितलं. अल्मा निकलला दुकानात गाठलं आणि म्हटलं, बाईंकडे पुढच्या दाराने जात जा.

ती म्हणाली, "पुढच्या दाराने? मी काय पेटीतून आलेय?"

मी म्हटलं, नव्या घराची तशी पद्धत आहे. ती म्हणाली, "तिची पद्धत तिच्यापाशी. घर बांधत होतास तेव्हा आम्ही त्याच बाजूने आत-बाहेर करत होतो ना? तुम्हाला चहा कोण आणून देत होतं? मग घर पुरं झालं आणि वाट बुजवली. माणसाला कळतं, लॉर्न. आम्ही काही शिकलेले नाही, पण बंद वाट ओळखू येते."

ती म्हणते ते खरं आहे. कामासाठी उत्तरेला मी एक मोकळी जागा ठेवली होती. आम्ही सगळे तिथूनच जायचो आणि गावही तिथूनच यायचं. शेवटच्या आठवड्यात ती मी बंद केली, कारण नकाशात ती नव्हती. मग वरून सीडरच्या पट्ट्या मारल्या. तेवढं काम मी कुणाला करू दिलं नाही.

तुझा छायाचित्रकार आला होता. सभ्य मुलगा. तो आला तोवर जुन्या पावलांवर नवं बर्फ पडलं होतं, म्हणून त्याने अल्माला गाठून घराभोवती पुन्हा एकदा चालायला सांगितलं. तिने घरी जाऊन लाल कोट घातला आणि चालली. बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं आता ही आत येणार, म्हणून त्यांनी किटली ठेवली. अल्मा वळसा घालून रस्त्याला लागली.

बाईंना मी विचारलं, नकाशा दाखवला होता तेव्हा तुम्ही काही बोलला कशा नाहीत? म्हणाल्या, "नकाशात एकच दार होतं. मी समजले तेच मागचं. पुढचं दार वगळलं तर चालतं, बरीच घरं तशीच आहेत इथे. पण मागच्या दाराशिवाय घर कुणी बांधेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही." मग म्हणाल्या, "चांगला माणूस आहे तो. त्याला वाईट वाटेल असं काही लिहू नकोस."

ह्यूगो, त्या मोंक्टनला भाचीकडे जायचं म्हणताहेत. तिथे फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, जिन्यात माणसं भेटतात. घर विकायला काढायचं की नाही ते उन्हाळा संपेपर्यंत ठरवणार. सत्तरीच्या पुढे घर बांधलं ते याच खाडीवर मरावं म्हणून. मी रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो, पण प्रार्थनेने भिंतीला दार पडत नाही. परवानगी दे.

लॉर्न

*

फिडलर्स कोव्ह
२० मे

आदरणीय श्री. लँगफर्ड,

तुमचे परीक्षक काल येऊन गेले. तिघे होते आणि तिघांनीही काळे कपडे घातले होते. पुढच्या दारातून आले म्हणून मी आधी घाबरले, पण ते जिवंत माणसांविषयीच बोलत होते.

त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या आणि माझा चष्मा टेबलावरून उचलून कपाटात ठेवला. मागाहून परत दिला. एका बाईंनी मला विचारलं, या घरातली शांतता तुम्हाला कशी वाटते? मी म्हटलं, भरपूर आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्यांनी विचारलं, गावातले लोक घराभोवती फिरतात तेव्हा तुमच्या मनात काय येतं? मी म्हटलं, मी रोज वाट बघते. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि माझा हात हातात घेतला.

मी आल्याचा केक केला होता. तो त्यांनी खाल्ला नाही, कारण त्यांना लगेच निघायचं होतं. लॉर्नने आणि मी मिळून तो संपवला. तो हल्ली बरेचदा येतो. घराला काही झालंय का ते पाहायला आलो म्हणतो. घराला काही झालेलं नाही. फार नीट बांधलेलं आहे, पाणी गळत नाही, वारा शिरत नाही, कुणीच शिरत नाही.

तुम्ही घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहे. भाचीला मी पत्र टाकलं आहे.

आपली,
मर्टल वेंट्झेल

*

टोरांटो
११ जून

प्रिय लॉर्न,

जिंकलो. घराला पहिला पुरस्कार आणि तुला कारागिराचं पदक. परीक्षकांचं निवेदन सोबत पाठवतोय. शेवटचा परिच्छेद वाच: "या घराने आपल्या समाजाला दार दाखवून आत बोलावलेलं नाही. त्याने समाजाला स्वतःभोवती फिरायला शिकवलं आहे. घरमालकीण म्हणतात, 'मी रोज वाट बघते.' निवाऱ्याची याहून उत्कट व्याख्या आम्हाला ठाऊक नाही." लाल कोटातल्या बाईंचं छायाचित्र पुरस्काराच्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावर येणार आहे.

बाईंचं फार गोड पत्र आलं. खरंच प्रतिभावान स्त्री. त्या भाचीकडे चार दिवस जाऊन येताहेत हे चांगलं आहे, हवापालट होईल.

समारंभ हॅलिफॅक्सला, जून संपताना. कोट घालून ये. दाराचं माझ्या लक्षात आहे. सप्टेंबरात एका मासिकाचे लोक येऊन जाऊ देत, मग आपण निवांत बोलू.

तुझा,
ह्यूगो

*

फिडलर्स कोव्ह
१४ जुलै

प्रिय ह्यूगो,

समारंभात तू मला दोनदा मिठी मारलीस आणि मला एकदाही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

व्यासपीठावर मला दोन शब्द बोला म्हणाले. मी खिशात चिठ्ठी नेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, "ही माणसं दार शोधत होती." मग त्यांनी भिंतीचा फोटो पडद्यावर लावला. अख्खी भिंत, सकाळच्या तिरप्या उन्हात, पट्टीखाली पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेष कुठेही हललेली नाही. मी "आभारी आहे" म्हणालो आणि खाली उतरलो. मागाहून एक गृहस्थ माझा हात सोडेनात. म्हणाले, असा नम्र माणूस पाहिला नाही.

पुरस्काराचा विशेषांक दुकानात आला. अल्माने स्वतःचा फोटो पाहिला, परीक्षकांचं लिहिलेलं वाचलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "हेलपाटे आमचे आणि पदक तुला होय?" बर्टन म्हणाला, "मी त्या घराभोवती फिरलो ते लघवीला आडोसा शोधत होतो, हे त्यांना कळव." हसलेही सगळे. पण आता त्यांची खात्री झालीय की बाईंनी ते घर लोकांनी बाहेरून बघावं म्हणूनच बांधलं. हल्ली कुणी वळसाही घालत नाही. घरामागचं गवत उभं आहे.

भाची सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यायला येणार आहे. चार दिवसांसाठी नाही, ह्यूगो. कायमची. बाईंनी पुस्तकं दोरीने बांधून ठेवलीत.

तिसऱ्यांदा विचारतो. दार काढू दे.

लॉर्न

*

टोरांटो
९ ऑगस्ट

प्रिय लॉर्न,

हे पत्र ऑफिसात वाचून दाखवलं नाही.

माझी चूक झाली. तू जानेवारीत जे लिहिलंस ते मी वाचलं नाही, मला आवडलं तेवढंच वाचलं. बाईंचं पत्र काल पुन्हा काढलं आणि या वेळी ते मुळीच गोड लागलं नाही. चष्म्याच्या वाक्याशी मी बराच वेळ अडलो. गावाची पद्धत मला आधी विचारता आली असती. मी समुद्र कुठे आहे ते विचारलं, माणसं कुठून येतात ते विचारलं नाही.

पण आता मला एक विचारू दे, आणि रागावू नकोस. घर बाईंचं आहे. करवत तुझी आहे. मी दीड हजार किलोमीटर लांब बसलेला माणूस. पुरस्काराचा नियम परीक्षक येऊन जाईपर्यंतच होता, तो मेमध्ये संपला. तरी तू पुन्हा पुन्हा मलाच का विचारतोस? तू बाईंना एकदा तरी विचारलंस का, दार काढू का म्हणून? तुझी तिन्ही पत्रं समोर ठेवून बसलोय. त्यात तू अल्माला काय म्हणालास ते आहे, प्रार्थना आहे, हेलपाटे आहेत. हा प्रश्न कुठेच नाही.

मी नऊ वर्षं तुझ्याबरोबर काम केलंय. तुला जे करायचं असतं ते तू आधी करतोस आणि मग मला कळवतोस. आपल्या दुसऱ्या घराचा जिना तू मला न विचारता हलवलास आणि बरं केलंस. म्हणून वाटतं, या वेळी तुला माझा नकार हवा होता. मी तो आनंदाने पुरवला, कारण मलाही ती भिंत हवी होती.

परवानगी माझ्याकडे नाहीच. कधी नव्हतीच. मासिकाच्या लोकांचं मी बघतो.

ह्यूगो

*

फिडलर्स कोव्ह
४ सप्टेंबर

प्रिय ह्यूगो,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावलो. घडी घालून खिशात ठेवलं आणि रविवारी चर्चमध्ये त्याच कोटात ते तसंच होतं. पाळकसाहेब काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. ती माझ्या आजोबांनी बांधली आहे. तिच्यावर कुणाचं नाव नाही, आणि मी लहानपणापासून त्या भिंतीखाली गर्वाविरुद्धची प्रवचनं मान डोलवत ऐकत आलोय. मला वाटायचं, ती इतरांसाठी असतात. मी तर कुणापुढे मिरवत नाही, गप्प असतो. गप्प राहूनही मिरवता येतं, हे हॅलिफॅक्सच्या त्या गृहस्थांना कळलं नाही आणि मलाही तू लिहीपर्यंत कळलं नाही.

बाईंकडे गेलो. पुढच्या दाराशी ठोठावलं. या वेळी त्या घाबरल्या नाहीत, माझं ठोठावणं त्यांना ओळखू येतं आता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, उत्तरेला दार काढू का?"

"मला वाटलं तुला ती भिंत फार प्रिय आहे."

"आहे."

"म्हणून मी बोलले नाही. येतोस तेव्हा आधी मागे जाऊन तिच्याकडे बघून येतोस. मी बाजूच्या खिडकीतून पाहते ना. वर्गात चांगलं अक्षर काढलंस की पाटी पुसायला द्यायचा नाहीस, तसं."

म्हणजे त्याही मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होत्या, आणि भाचीकडे जायला निघाल्या होत्या. आमच्या खाडीवर माणसं अशी एकमेकांचं मन राखतात. त्यापायी घर विकावं लागलं तरी.

मंगळवारी सकाळी शिडी लावली. करवत लावण्याआधी मी टोपी काढली. का ते मलाही सांगता येणार नाही. पहिली पट्टी पटाशीने अलगद सोडवायला गेलो, जपून, परत वापरता येईल म्हणून. मग मनात म्हटलं, लॉर्न, कुठे वापरणार आहेस? करवत चालू केली आणि वरपासून खालपर्यंत सरळ कापत आणली. आवाज फार झाला. आतली ऊब बाहेर आली, ओल्या सीडरचा वास आला, आणि भोकातून मला बाईंचं स्वयंपाकघर दिसलं. टेबल, त्यावर दोरीने बांधलेली पुस्तकं, किटली. इतके महिने ते तिथे होतं आणि बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं.

आवाज ऐकून बर्टन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने गेला. मी दुसरी बाजू कापत होतो, तेवढ्यात मागून अल्मा आली. हातात कापडाने झाकलेलं ताट. तिने भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चौकट नव्हती, दार नव्हतं, पायरीसुद्धा नव्हती. माझी खिळ्यांची बादली तिने पायाने उपडी केली, खिळे सगळे गवतात, तिच्यावर चढली आणि आत पाऊल टाकत ओरडली, "मर्टल, आहेस का गं?"

"आहे की," बाई आतून म्हणाल्या. "बूट काढू नकोस, सगळीकडे भुसा आहे."

मी काम चालू ठेवलं. मान वर केली नाही. येऊ नको सांगायला भाचीला फोन करायचा होता म्हणून बाई एकदा उठल्या आणि पुन्हा बसल्या. करवतीच्या मध्येमध्ये मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. घराबद्दल एक शब्द नव्हता. कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललं होतं, आणि ते गेल्या ऑक्टोबरपासून साचलेलं होतं.

शेवटचा हातभर तुकडा राहिला तेव्हा अल्माने भोकातून डोकं बाहेर काढलं.

"लॉर्न, जरा थांबवशील का ते? आम्ही बोलतोय."

मी म्हटलं, एवढं एकच उरलंय. ती म्हणाली, मग हळू काप. मी हाताची करवत घेतली आणि तेवढा तुकडा आवाज न करता कापून काढला.

तुझा,
लॉर्न